आधी ओझं, मग बाण

अल्बुकर्कीला दादाच्या घरी फ्रीजशेजारच्या भिंतीवर एक मोठा नकाशा लावलेला आहे. न्यू मेक्सिको राज्याच्या नैर्ऋत्येला असलेल्या हीला राष्ट्रीय वनाचा हा एक तुकडा, उंचीच्या तपकिरी रेषांनी गच्च भरलेला. त्यावर लाल पेन्सिलीने सहा वर्तुळं काढली आहेत. एल्क जिथे सापडतात ती ठिकाणं या वर्तुळांत असणार असं मी धरून चालले होते. दादा म्हणाला, "नाही गं. एल्क वर्तुळाबाहेरही भरपूर आहेत. मांस खराब व्हायच्या आत जिथून पाठीवर टाकून रस्त्यापर्यंत आणता येईल, तेवढीच जागा लाल केली आहे. बाहेर कितीही मोठा नर उभा राहिला तरी बाण सोडायचा नाही."

दादा माझा आतेभाऊ. पुण्यात वाढला, रविवारी पहाटे सिंहगड चढून दही खाऊन परत येणाऱ्यांपैकी. आता बरीच वर्षं न्यू मेक्सिकोत आहे. त्याच्या शिकारीच्या तयारीबद्दल फोनवर ऐकत होते, म्हणून गेल्या वर्षी ऑगस्टअखेर चार आठवडे त्याच्याकडे जाऊन राहिले. मी शिकार करत नाही. मांस खाते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला, त्याच्या सावलीत माझी पिढी वाढली. शिकार म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवरची मुंडकी आणि वाघाच्या अंगावर पाय ठेवून काढलेले संस्थानिकांचे फोटो यायचे. दादाच्या घरात एकही मुंडकं नाही. गॅरेजमध्ये एक मोठा फ्रीझर आहे आणि त्यावर चिकटवलेल्या कागदावर कुठल्या महिन्यात किती किलो मांस शिजलं त्याची नोंद आहे.

एल्क म्हणजे हरणाच्या कुळातलं आपल्या सांबराहून थोराड जनावर. शॉनी भाषेत त्याला वापिती म्हणतात, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचा. काश्मीरचा हंगूल हा त्याचा जवळचा नातलग. पूर्ण वाढलेला नर साधारण सव्वातीनशे किलो भरतो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. सप्टेंबरात ते माजावर येतात. नर पहाटे आणि संध्याकाळी साद घालतो. एवढ्या मोठ्या छातीतून बारीक, चढत जाणारी शिट्टी निघते आणि शेवटी घशात घुरघुरत विरते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा हा आवाज जनावराचा आहे यावर माझा विश्वास बसला नव्हता.

हे सगळे एल्क मूळचे तिथले नव्हेत. नैर्ऋत्य अमेरिकेत मेरियमचा एल्क नावाची स्वतंत्र उपजात होती. बाजारासाठी झालेली बेसुमार कत्तल आणि गुरांनी खाल्लेली कुरणं यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ती नाहीशी झाली. मग यलोस्टोनहून जनावरं रेल्वेने आणून सोडली गेली. शेजारच्या ॲरिझोनात फेब्रुवारी १९१३मध्ये ८३ एल्क सोडले, न्यू मेक्सिकोतही त्याच सुमारास असे प्रयत्न झाले. आज दोन्ही राज्यांत फिरणारे कळप त्या आणलेल्या एल्कांची संतती आहे. त्यांना टिकवायला पैसा आला तो बराचसा शिकाऱ्यांच्या खिशातून: परवान्यांची फी, आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेला बंदुका-काडतुसांवरचा केंद्रीय कर. लांब नळीच्या बंदुकांवर तो ११ टक्के आहे.

परवाना सोडतीने मिळतो. म्हाडाच्या घरांसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या माणसाला हा प्रकार लगेच समजेल. राज्याचे क्रमांकित विभाग पाडले आहेत. कुठल्या विभागात, कुठल्या तारखांना, कुठल्या हत्याराने, नर की मादी, असं ठरवून मार्चमध्ये अर्ज करायचा. तीन पसंती देता येतात. निकाल एप्रिलमध्ये. बऱ्याच पश्चिमी राज्यांत दर वर्षीच्या अपयशाचे गुण साठत जातात, न्यू मेक्सिकोत तसं नाही. दहा वर्षं रिकाम्या हाताने राहिलेला आणि पहिल्यांदा अर्ज करणारा एकाच रांगेत. सोडतीतले ८४ टक्के परवाने राज्यातल्या रहिवाशांना, १० टक्के अधिकृत वाटाड्या घेणाऱ्यांना आणि उरलेले ६ टक्के बाहेरच्यांना. दादाला ही रचना न्याय्य वाटते, मलाही. जमीन सगळ्यांची, जनावरं सगळ्यांची, तर पाळी नशिबाने यावी. पण तिथेच दुसरी एक वाटही आहे. खासगी जमीनमालकांना राज्याकडून शिकारीची अधिकारपत्रं मिळतात आणि ती त्यांना विकता येतात. ज्याच्याकडे पैसा आहे तो सोडतीत न उतरता दर वर्षी शिकारीला जाऊ शकतो. मालकाच्या कुरणावर एल्क चरतात, त्याला मोबदला हवा, हे मान्य. तरी सार्वजनिक जनावराची पाळी अशी बाजारात विकली जाणं मला पटलं नाही.

तिकडच्या मराठी मुलांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट इथेच सांगते. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक जवळ बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. दादाने व्हिसाच्या काळात हा घोळच नको म्हणून धनुष्य हातात घेतलं आणि पुढे नागरिकत्व मिळाल्यावरही तेच ठेवलं. सप्टेंबरातली शिकार फक्त धनुर्धाऱ्यांची असते, १ ते १४ किंवा १५ ते २४. त्याला दुसऱ्या तारखा मिळाल्या होत्या.

या तारखांतच सगळी अडचण आहे. एल्क माजावर असतात, साद देतात, जवळ येतात, त्यामुळे धनुष्याला तो काळ उत्तम. पण ऊन उतरलेलं नसतं. हीलाच्या पायथ्याला चिवावा वाळवंटाची गवताळ माळरानं आहेत, त्यावर जुनिपर आणि पिन्यॉनची खुरटी झाडं, मग पॉन्डेरोसा पाइनचं उंच मोकळं वन आणि अगदी माथ्याला फर, स्प्रूस, ॲस्पेन. मोगियोन डोंगरातलं व्हाइटवॉटर बाल्डी शिखर १०,८९५ फुटांवर आहे. एका दिवसात माणूस निवडुंगापासून ॲस्पेनपर्यंत चालत जाऊ शकतो. सप्टेंबरात दुपारी खालच्या टेकड्यांवर पारा तिशीच्या वर आणि पहाटे तंबूबाहेर बोटं आखडतात.

पहिल्या वर्षी दादाला मादीचा परवाना मिळाला होता. पाचव्या दिवशी सूर्य मावळताना त्याने बाण सोडला. तो थोडा मागे, पोटाकडे लागला. असं झालं तर लगेच पाठलाग करायचा नसतो. दुखावलेलं जनावर उठून मैलोन्‌मैल जातं आणि हाती लागत नाही. चार-सहा तास थांबायचं, मग माग काढायचा. चार तासांनी रात्र झाली होती, रक्ताचे थेंब तुटक होते. त्याने सकाळपर्यंत थांबायचं ठरवलं. सकाळी आठ वाजता मादी सापडली तेव्हा पोट फुगलेलं होतं. कातडी सोलून मांडी उघडली तर हाडापाशी मांस हिरवट आणि आंबलेलं. एल्कच्या अंगावर सप्टेंबरात हिवाळ्याची दाट लोकर चढायला लागलेली असते. मागची मांडी एवढी जाड की रात्र गार असली तरी सांध्याशी अंगाची ऊब तशीच कोंडून राहते आणि मांस आतून बाहेर नासत येतं. दोन्ही मांड्या टाकून द्याव्या लागल्या. वहिनी म्हणाली, तो आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही.

तेव्हापासून त्याची तयारी शेवटापासून सुरू होते: फ्रीझरपासून रस्त्याकडे, रस्त्यापासून पायवाटेकडे, पायवाटेपासून जनावराकडे. बाणाचा विचार सगळ्यात शेवटी. मला सांगण्यासारखं वाटतं ते हेच. शिकारीवरच्या बहुतेक लिखाणात सगळा जीव नेमावर खर्च होतो आणि नेमानंतरचा दिवस एका ओळीत उरकतो. वाळवंट-डोंगराच्या या मुलखात शिकार चांगली झाली की वाईट, हे त्या नंतरच्या दिवसावर ठरतं.

त्याचा हिशेब त्याने वहीच्या पानावर मांडून दाखवला. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस ९५ किलो धरायचं. डोंगरात माणसाने एका खेपेला २४ किलोच्या वर उचलू नये, गुडघे जातात. म्हणजे चार खेपा. जनावर रस्त्यापासून ८ किलोमीटरवर पडलं आणि माणूस एकटा असला तर चार वेळा भरल्या पाठीने, तीन वेळा रिकाम्या: ५६ किलोमीटर, पाइनच्या सुया आणि सुट्या दगडांवरून, उन्हात. तीन किलोमीटरवर पडलं तर २१. सोबत आणखी दोघं असतील तर एका फेरीत तीन खेपा निघतात आणि दुसऱ्या फेरीला एकजण पुरतो. म्हणून वर्तुळाची त्रिज्या ३ किलोमीटर, आणि ज्या घळीतून वर यायला दीडशे मीटरपेक्षा जास्त चढ आहे ती घळ वर्तुळात असूनही काट मारलेली. हातगाडी का नाही नेत, मी विचारलं. हीलाच्या मध्यात साडेपाच लाख एकरांहून मोठा भाग निबिड वन म्हणून राखलेला आहे. तिथे मोटार तर नाहीच, सायकलही नाही आणि चाकाची गाडीसुद्धा नाही. माणसाची पाठ किंवा खेचर.

हा नियम ज्या विचारातून आला त्याचा जनक आल्डो लिओपोल्ड. १९०९ साली वनखात्यात नवखा अधिकारी म्हणून तो या भागात आला. लांडगे कमी तर हरणं जास्त, या समजुतीने त्याने आणि सोबत्यांनी एका लांडगीवर गोळ्या झाडल्या. तिच्या डोळ्यांतलं विझत जाणारं हिरवं तेज पाहून आपली समजूत चुकीची असावी असं वाटल्याचं त्याने पुढे लिहिलं. ३ जून १९२४ रोजी त्याच्या आग्रहाने हीलाचा हा भाग राखला गेला. अमेरिकेतलं, किंबहुना जगातलं, असं पहिलं वन. लिओपोल्ड आयुष्यभर शिकारी राहिला. मेक्सिकन लांडगे १९९८मध्ये शेजारच्या ॲरिझोनात पुन्हा सोडले गेले आणि २०२४च्या गणनेत दोन्ही राज्यांत मिळून किमान २८६ भरले. त्यांचं मुख्य अन्न एल्क. लिओपोल्डच्या आधीची कहाणीही विसरू नये. हा मुलूख अपाचे लोकांचा होता आणि सैन्याच्या बळावर त्यांना इथून हुसकलं गेलं. आपला जन्म हीला नदीच्या उगमाजवळ झाला असं जेरोनिमोने सांगून ठेवलं आहे. सार्वजनिक जमीन हा शब्द तिथे उच्चारताना मला ते आठवत राहिलं.

१३ सप्टेंबरला आम्ही निघालो: दादा, वहिनी, मी आणि त्याचे शेजारी, निवृत्त शाळामास्तर, ज्यांनी त्याला माग काढायला शिकवलं. सोकोरोहून पश्चिमेला वळलं की सान अगुस्तीनचं पठार लागतं, सपाट, पिवळं, आणि त्यावर रेडिओ दुर्बिणीच्या २७ पांढऱ्या तबकड्या. मला नारायणगावजवळचं खोडद आठवलं. तिथे ३० आहेत आणि इथल्या २५ मीटरांच्या तबकड्यांपेक्षा मोठ्या, ४५ मीटरांच्या. पुढे कॅट्रन काउंटी. पुणे जिल्ह्यापेक्षा मोठा भूभाग आणि २०२०च्या जनगणनेत वस्ती जेमतेम साडेतीन हजार. फोनची रेंज डॅटिलनंतर गेलीच. दादाकडे उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र होतं.

पाण्याचा शोध जूनपासूनच सुरू झाला होता. गुरांसाठी बांधलेल्या मातीच्या तळ्यांना तिथे टँक म्हणतात. नकाशावर शेकडो दाखवलेली असतात, प्रत्यक्षात निम्म्यांत भेगाळलेला चिखल असतो. जूनमध्ये, पावसाच्या आधी, दादा आणि मास्तर एकेक टँक पाहून आले होते, कारण जूनमध्ये ज्यात पाणी टिकतं ते सप्टेंबरातही दगा देत नाही. तिथल्या पावसाला मान्सूनच म्हणतात. १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा काळ, जोर जुलै-ऑगस्टात. पाऊस चांगला झाला तर घळीघळीत पाणी असतं आणि एल्क विखुरतात. झाला नाही तर मोजक्या पाण्यांवर येतात. गेल्या वर्षी आम्ही गेलो त्या भागात तो बेताचा झाला होता. म्हणजे पाण्यावर बसावं, असं मला वाटलं. मास्तर म्हणाले, "पाण्यावर बसलं की जनावर ते पाणी सोडतं. पाणी आणि झोपायची जागा यांच्या मधल्या वाटेवर थांबावं." मुक्कामही पाण्यालगत करता येत नाही. गुरांच्या किंवा जनावरांच्या बांधीव पाण्यापासून ३०० यार्डांच्या आत तंबू ठोकायला राज्याच्या कायद्याने मनाई आहे. तहानेने आलेलं जनावर माणसाच्या वासाने परत जाऊ नये म्हणून.

झोपायची जागा उत्तर उतारावर. दाट लोकर, दुपारचं ऊन, तेव्हा सावली आणि ओलसर माती लागतेच. जुन्या वणव्यांच्या कडाही दादाने हेरल्या होत्या. २०१२च्या वणव्यात मोगियोन डोंगरात २,९७,००० एकरांहून जास्त जंगल जळलं. तिथे आता गवत आणि कोवळे ॲस्पेन माजले आहेत, एल्कांना ते आवडतं. मात्र उभी जळकी खोडं वाऱ्याने केव्हाही पडतात, म्हणून तिथे फिरायचं ते वारा नसताना. दुपारी ढग आले की धारेवरून खाली यायचं, आणि कोरड्या ओढ्यात तंबू ठोकायचा नाही, आकाश निरभ्र असलं तरी.

सगळ्यात अवघड वारा. एल्कला दिसणं-ऐकू येणं एकवेळ चकवता येतं, वारं लागलं की संपलं. डोंगर तापला की हवा उताराने वर चढते, गार झाला की खाली वाहते. कोकणकड्यावर उभं राहून खाली टाकलेली काडी वर परत येताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगायला नको. पहाटे हवा खाली वाहत असते म्हणून कळपाच्या खालच्या अंगाने जायचं. नऊच्या सुमारास ऊन उतारावर पडलं की ती फिरते, तेव्हा त्यांच्या वर किंवा बगलेला असायला हवं. फिरण्याच्या त्या अर्ध्या तासात काहीच करायचं नाही, नुसतं बसायचं. दादाच्या गळ्यात बारीक पावडरीची बाटली असते. दर काही पावलांनी तो ती दाबतो आणि पांढरा धूर कुठे जातो ते पाहतो.

मुक्काम २,३०० मीटरांवर होता. कळसूबाई १,६४६. पहिले दोन दिवस मला जिन्याएवढा चढ चढला तरी दम लागत होता. दादा उन्हाळाभर पाठीवर वाळूची पिशवी घेऊन सांदिया डोंगर चढला होता. वहिनीही. आपण ओझ्याची तालीम केली नाही तर याच्या वर्तुळांना अर्थ नाही, असं ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला नर आला. मी दादाच्या मागे साठ पावलांवर बसले होते. पाच-सहा टोकांची शिंगं, मानेला चिखल, सादेला उत्तर देत तो सरळ चाळीस पावलांवर येऊन आडवा उभा राहिला. वर्तुळाच्या आत. दादाने धनुष्य उचललंच नाही. वहीत लिहिलेला त्याचा दुसरा नियम: पाचनंतर बाण नाही. संध्याकाळी चूक झाली तर दोन्हीकडून कोंडी होते. थांबावं तर मांस नासतं, न थांबावं तर जनावर दुखावलेलं पळतं. पाचच्या आत असेल तर उजेड आणि तास दोन्ही हाताशी असतात. नर निघून गेला. अंधारात परतताना दादा इतकंच म्हणाला, "हात शिवशिवत होते."

सहाव्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, पाण्यावरून उत्तर उताराकडे परतणाऱ्या एका नरावर त्याने अठ्ठावीस पावलांवरून बाण सोडला. फुफ्फुसांत. तरी अर्धा तास आम्ही जागचे हललो नाही. नर शंभर-सव्वाशे पावलांवर पडलेला होता. दादा गुडघ्यावर बसला, त्याने हात त्याच्या मानेवर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहिला. मलाही रडू आलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मग घाई. परवान्याची खूण केली. पोट न फाडता वरच्या बाजूने कातडी सोलली, पुढचा पाय, मागची मांडी, पाठीचं मांस, मग जनावर उलटवून दुसरी बाजू. मांडीचा सांधा सगळ्यात आधी उघडला, ऊब बाहेर पडावी म्हणून. सुती पिशव्यांत घालून मांस पॉन्डेरोसाच्या सावलीत फांदीला टांगलं. कोरड्या हवेत ओलसर सुती कापड माठासारखं काम करतं, तासाभरात पिशव्या हाताला गार लागायला लागल्या. प्लास्टिकच्या पिशवीत हेच मांस घुसमटून गेलं असतं. त्यानंतर हाडं काढली. नर असल्याची नैसर्गिक खूण कायद्याप्रमाणे मांसाला तशीच ठेवली. पाठीचा कणा, आतडी, हाडं तिथेच राहिली, कावळे आणि गिधाडं तोवर आलीच होती.

रस्ता २.६ किलोमीटर. मास्तर ६८ वर्षांचे, ते पाणी आणि धनुष्य घेऊन पुढे गेले. दादाने २४ किलो घेतलं, वहिनीने २३, मी १८. तेवढ्यानेही शेवटच्या चढावर माझ्या मांड्या थरथरत होत्या. दुसऱ्या खेपेला दादा आणि वहिनी परत गेले. दुपारी अडीचला शेवटची पिशवी गाडीपाशी पोचली. बर्फाच्या पेट्यांत आधीच गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या. त्यांवर जाळी, जाळीवर मांस, वितळलेल्या पाण्यात ते भिजू नये म्हणून. ताणकाट्यावर सगळं मिळून ९३ किलो भरलं.

रात्री सव्वानऊला अल्बुकर्कीच्या गॅरेजमध्ये टेबलावर स्वच्छ कापड घालून दादाने पहिली पिशवी सोडली. उजवी मांडी. मास्तर पुढे झाले, हाड जिथे होतं त्या खोबणीत त्यांनी दोन बोटं घातली, नाक जवळ नेलं आणि मान हलवली. वास नव्हता.